तालुक्याच्या गावात ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधायचा तर

रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवणारा तज्ज्ञ म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, थोडक्यात ओटी. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन "इथे ओटी आहे का?" असं विचारलं, तर समोरचा माणूस ऑपरेशन थिएटरकडे बोट दाखवतो. सरकारी मराठीत ऑक्युपेशनल थेरपीला व्यवसायोपचार म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की लोकांना वाटतं ही काहीतरी नोकरी-धंदा लावून देणारी योजना असावी. निम्मा शोध इथेच भरकटतो. म्हणून नाव न घेता काम सांगून विचारलेलं बरं: "लकवा झालेल्या माणसाला स्वतःच्या हाताने जेवायला, कपडे घालायला शिकवणारं कोणी आहे का?" "हाताला स्प्लिंट, म्हणजे मापाची आधारपट्टी, कोण बनवून देतं?" "बसता न येणाऱ्या मुलाची खुर्ची कोण मापून देतं?" या प्रश्नांना उत्तरं मिळतात.

फिजिओथेरपिस्ट तर गावात आहे, मग हा वेगळा कशाला, हा पुढचा प्रश्न. अर्धांगवायूच्या रुग्णाच्या बाबतीत फिजिओचा भर उभं राहणं, चालणं, तोल आणि ताकद यांवर असतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट बघतो की हा माणूस घास तोंडापर्यंत नेतो का, सदऱ्याच्या बाहीत हात घालतो का, संडासात बसून उठतो का, पुन्हा दुकानाच्या गल्ल्यावर बसू शकेल का. मुलांच्या बाबतीत दप्तर भरणं, बटण लावणं, पेन्सिल धरणं, वर्गात एका जागी बसणं हे सगळं त्याच्या कामात येतं. दोघांची कामं एकमेकांत मिसळतात, पण एकाच्या जागी दुसरा पूर्णपणे चालत नाही.

हे तज्ज्ञ लहान गावात का सापडत नाहीत, त्याचं कारण सरळ आहे. आशियातली या विषयाची पहिली शाळा मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 साली कमलाबाई निंबकरांनी सुरू केली. पुढे शीव आणि नायर रुग्णालयांची महाविद्यालयं, हाजी अलीची केंद्र सरकारची संस्था, नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी मोजकीच ठिकाणं उभी राहिली. फिजिओथेरपीची महाविद्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली, व्यवसायोपचाराची निघाली नाहीत. शिकून बाहेर पडणारे मुळात थोडे, त्यांतले बरेच मुंबई-पुणे-नागपुरात राहतात किंवा परदेशी जातात. निंबकर कुटुंबाचं फलटणशी जवळचं नातं, कमलाबाईंच्या नावाची शाळाही तिथे आहे. तरी फलटणसारख्या गावांत राहणाऱ्या आईबापांना आज या उपचारासाठी एसटी पकडावी लागते, याचं वाईट वाटतं.

तेव्हा पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. तालुक्याच्या गावात रोज येणारा ओटी मिळेल या आशेवर महिने घालवू नका. शोधायचा आहे तो नीट तपासून, कागदावर योजना लिहून देणारा आणि दर तीन-चार आठवड्यांनी ती बदलणारा माणूस. रोजचं काम घरात होतं, ते घरच्यांनीच करायचं असतं. ही घडी बसली की शंभर किलोमीटरवरचा तज्ज्ञसुद्धा कामाचा ठरतो. ती बसली नाही तर शेजारच्या गल्लीत असूनही उपयोग होत नाही.

कुठे विचारायचं

मूल असेल तर सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रापासून करा. सगळे त्याला डीईआयसी म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 2013 पासून ही केंद्रं उभी राहत गेली आणि 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे फुकट तपासतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा जे तपासणी पथक येतं, ते याच कार्यक्रमाचं. त्यांची चिठ्ठी असली तर केंद्रात दाद लवकर लागते, म्हणून अंगणवाडी सेविकेला पथकाची पुढची तारीख विचारून ठेवा. केंद्रात जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: भरलेलं पद व्यवसायोपचारतज्ज्ञाचं आहे की फिजिओथेरपिस्टचं, तो माणूस कोणत्या वारी बसतो, आणि नव्या मुलाला पहिली वेळ कधीची मिळेल. पदं कंत्राटी असतात, माणसं बदलतात. मागच्या वर्षीच्या माहितीवर मुलाला घेऊन निघालात तर हेलपाटा पडतो.

दुसरी जागा पंचायत समितीच्या आवारातलं गटसाधन केंद्र. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाचं काम पाहणारे विशेष शिक्षक तिथे भेटतात. ते स्वतः ओटी नसतात, पण तालुक्यातलं कोणतं मूल कुठल्या थेरपिस्टकडे जातं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. थेरपीची आणि साहित्यवाटपाची शिबिरंही त्यांच्यामार्फतच कळतात. जिल्ह्यातल्या विशेष शाळांतही विचारा. काही ठिकाणी तिथला थेरपिस्ट शाळा सुटल्यावर किंवा रविवारी बाहेरची मुलं बघतो.

मोठ्या माणसासाठी रस्ता वेगळा. अर्धांगवायू असेल तर ज्या न्यूरॉलॉजिस्टने उपचार केले त्याच्या रिसेप्शनवर विचारा. हाताला इजा असेल तर थेट प्लास्टिक सर्जन किंवा हाताच्या शस्त्रक्रिया करणारा सर्जन गाठा, कारण त्याला स्प्लिंट करून देणारा माणूस लागतोच आणि तो कोण हे त्याला माहीत असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी मुंबई, पुणे, नागपुराहून ठरलेल्या वारी येणारे थेरपिस्टही असतात. ते स्वतःची पाटी लावत नाहीत, एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या किंवा अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात बसतात. बोर्ड वाचत फिरून ते सापडणार नाहीत. मेडिकल दुकानदाराला मात्र बहुधा माहीत असतं.

काहीच हाती लागलं नाही, तर एकदाच मुंबई किंवा नागपूरच्या शिकवणाऱ्या सरकारी रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागात जा. केसपेपरचे पैसे नगण्य असतात, तपासणी सविस्तर होते, आणि निघताना "आमच्या जिल्ह्यात तुमचं शिकलेलं कोणी आहे का?" एवढा प्रश्न जरूर विचारा. सगळ्या राज्यात मिळून महाविद्यालयं मूठभर, त्यामुळे या लोकांची आपसांत ओळख असते.

माणूस खरा आहे का

महाराष्ट्रात काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे असावी लागते. पदवी बीओटीएच, पदव्युत्तर असेल तर एमओटीएच. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. पावतीवर आणि अहवालावर तो छापलेला असतो. नसेल तर लिहून मागा.

इथे एक फसगत वारंवार होते. भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेचं, म्हणजे आरसीआयचं प्रमाणपत्र टांगलेलं असतं आणि पालकांची खात्री पटते. ती परिषद विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, कृत्रिम अवयवतज्ज्ञ यांची नोंदणी करते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे आरसीआय क्रमांक दाखवून कोणी स्वतःला ओटी म्हणवत असेल, तर तो उत्तम विशेष शिक्षक असू शकेल, ओटी असल्याचा तो पुरावा होत नाही. तीन महिन्यांचा किंवा ऑनलाइन कोर्स करून "सेन्सरी थेरपिस्ट" अशी पाटी लावणारेही असतात. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांचे पालक त्यांच्याकडे सगळ्यात जास्त पैसे घालवतात.

आणखी काही खुणा. "तीन महिन्यांत मूल नॉर्मल करतो" असं म्हणणारा. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागणारा. आईला दाराबाहेर बसवणारा. यातली शेवटची खूण लोक मनावर घेत नाहीत, पण लहान गावात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आत काय चाललंय हे आईला दिसलंच नाही, तर पुढचे तीन-चार आठवडे ती घरी काय करणार? मूल आई दिसली की रडतं, काम करत नाही, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणून शेवटची पंधरा मिनिटं आत घेतात, किंवा मोबाइलवर चित्रित करून दाखवतात. अजिबातच बघू देत नसेल तर दुसरा शोधा.

आणि जवळपास ओटी मिळालाच नाही, गावात चांगला फिजिओथेरपिस्ट आहे, तर? त्याच्याकडूनच काम करून घ्या, पण योजना लांबच्या ओटीची असू द्या. दोघांचं फोनवर बोलणं घडवून आणा. पुष्कळ फिजिओ हे आनंदाने करतात.

पहिल्या भेटीआधी

लांबून येणाऱ्याची पहिली भेट वाया जाण्याचं ठरलेलं कारण म्हणजे मूल प्रवासाने दमलेलं असतं, नवी जागा बघून बिथरतं आणि घरी करतं त्यातलं काहीच करून दाखवत नाही. म्हणून घरी व्हिडिओ काढून न्या. प्रत्येक दोन-तीन मिनिटांचा, चार-पाच पुरेत: जेवताना, कपडे घालताना, खेळताना, लिहिताना, जमिनीवरून उठताना. कॅमेरा बाजूला, मुलाच्या उंचीवर धरा. चेहऱ्याबरोबर पाठ, खुबा आणि पावलं दिसली पाहिजेत. मदत करू नका, "असं कर, तसं कर" म्हणू नका. अडखळतंय तेच तर बघायचं असतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत संडास, न्हाणीघर, पलंग आणि दाराचा उंबरा यांचे फोटो काढा, आणि उंची सेंटिमीटरमध्ये लिहा. पलंग 40 सेंटिमीटरचा की 55 चा, यावर माणूस स्वतः उठेल की दोघांनी उठवायचं हे ठरू शकतं.

कागदांत जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा अहवाल, झटके येत असतील तर शेवटचा कधी आला ती तारीख आणि चालू औषधं एवढं हवं. जाड फाइल नेली की त्यातलं नेमकं तेच सापडत नाही.

मुलाची पहिली तपासणी नीट केली तर तास-दीड तास लागतो. दहा मिनिटांत उरकून थेट व्यायाम सुरू झाले तर ती तपासणी नव्हे. निघताना तुमच्या हातात दोन किंवा तीन लिखित उद्दिष्टं असली पाहिजेत, आणि ती घरातल्या कोणालाही तपासता येतील अशी हवीत. "हाताचं फंक्शन सुधारणे" हे उद्दिष्ट नाही. "सहा आठवड्यांत जाड दांड्याच्या चमच्याने वरणभाताचे पाच घास स्वतः खाणे, सांडलं तरी चालेल" हे उद्दिष्ट. "एकाग्रता वाढवणे" नको. "प्रार्थनेनंतर पहिला तास जागेवरून तीनपेक्षा जास्त वेळा न उठणे" हवं.

घरी करायच्या गोष्टी तीन-चारच मागून घ्या. दहा-बारा व्यायामांची यादी मिळाली की पहिल्या आठवड्यात सगळे होतात, दुसऱ्यात निम्मे, तिसऱ्यात वही सापडत नाही. वेगळा तास काढण्यापेक्षा रोजच्या कामाला जोडलेलं टिकतं. आंघोळीच्या वेळी कपडे काढणं, स्वयंपाकाच्या वेळी कणकेचा गोळा दाबणं आणि मटार सोलणं, संध्याकाळी दोरीवरचे कपडे चिमटे काढून खाली आणणं. हे वीस मिनिटं रोज झालं, तर आठवड्यातून एकदा होणाऱ्या पाऊण तासाच्या थेरपीपेक्षा जास्त भरतं.

सुताराकडून खुर्ची

सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या, नीट बसता न येणाऱ्या मुलासाठी लहान गावात सर्वांत उपयोगी पडणारी एकच वस्तू सांगायची तर ती मापाची खुर्ची. तयार खुर्ची महाग मिळते आणि बहुतेक वेळा मोठी असते. गावचा सुतार 12 किंवा 18 मिलिमीटरच्या प्लायवूडमध्ये चांगली खुर्ची करतो, फक्त मापं थेरपिस्टने घेतलेली हवीत. तो काय मोजतो हे तुम्हालाही कळू द्या.

मुलाला कडक बाकावर बसवून, पाठ भिंतीला टेकवून, खुब्याच्या मागच्या बाजूपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंतचं अंतर घ्यायचं. त्यातून दोन बोटं, म्हणजे साधारण दोन-तीन सेंटिमीटर, वजा केली की बैठकीची खोली मिळते. 24 आलं तर बैठक 21 ते 22. हे माप चुकलं तर सगळं चुकतं. बैठक खोल झाली की तिची कड गुडघ्यामागे रुतते, मूल खुबा पुढे सरकवतं, पाठ गोल होते, मान खाली जाते आणि मग हात वर उचलतच नाही. घरच्यांना वाटतं मूल आळस करतंय.

गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंतचं अंतर म्हणजे बैठकीची पावलाच्या पाटापासूनची उंची. पावलं लोंबकळता कामा नयेत. खुबा, गुडघा आणि घोटा, तिन्ही ठिकाणी काटकोन यायला हवा. पुढचा ट्रे कोपराच्या उंचीवर किंवा एखादा सेंटिमीटर वर, कडेला बोटभर पट्टी म्हणजे चमचा, खेळणी घरंगळत नाहीत. पट्टा पोटावर बांधू नका. तो मांडी आणि पोट जिथे मिळतात त्या घडीवर, बैठकीशी साधारण 45 अंशांत, मागे-खाली ओढलेला असावा. पोटावरचा पट्टा मूल पुढे सरकलं की छातीवर चढतो, ते धोक्याचं आहे. मांड्यांच्या मधला ठोकळा गुडघे वेगळे ठेवण्यासाठी असतो. तो गुडघ्यांजवळ असावा. मूल घसरू नये म्हणून तो थेट जांघेत ठोकलेला दिसतो, त्याने मुलाला दुखतं.

पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटंच बसवा, मग हळूहळू अर्धा-पाऊण तास. उठवल्यावर ढुंगण, पाठ आणि मांड्या बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तिथे काहीतरी रुततंय. बैठक थोडी जास्त खोल करून पाठीमागे काढता येण्याजोगी फोमची गादी लावली, तर मूल वाढेल तशी गादी पातळ करता येते. तरी दर सहा महिन्यांनी मापं पुन्हा घ्याच. एक खबरदारी खुर्ची करायच्या आधीची: अशा मुलांचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकू शकतो आणि सुरुवातीला तो दुखतही नाही. खुब्यांचा एक्स-रे झाला नसेल तर तो आधी काढून घ्या.

हात तुटला, कापला तर थांबायचं नाही

कडबाकुट्टी, मळणी यंत्र, उसाचा चरक. आपल्या भागात हाताच्या मोठ्या इजा यांनीच होतात. शस्त्रक्रिया शहरात होते, टाके काढले जातात, "हात हलवत राहा" असं सांगून सोडतात, आणि तीन महिन्यांनी बोटं मुडपलेली राहतात. इथे वेळेला जितकी किंमत आहे तितकी दुसऱ्या कुठल्याच थेरपीत नाही.

बोट मिटवणारी शीर, म्हणजे खरं तर कंडरा, जोडलेली असेल तर दोन्हीकडून संकट असतं. हात अजिबात हलवला नाही तर कंडरा आजूबाजूच्या मांसाला चिकटते आणि बोट कायमचं अडकतं. जास्त हलवला, जोर लावला तर टाके निसटतात. या दोहोंमधून वाट काढायला पहिले काही दिवसच मिळतात. साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर तीन ते पाच दिवसांत हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट बसवून मोजके व्यायाम सुरू होतात. स्प्लिंट सुमारे सहा आठवडे रात्रंदिवस. सहा आठवड्यांनंतर हलकी कामं, जड कामं बारा आठवड्यांच्या पुढे. कंडरा तुटल्याच्या गोष्टी ऐकल्या तर बहुतेक सारख्याच असतात: बरं वाटलं म्हणून आंघोळीला स्प्लिंट काढली आणि भरलेली बादली उचलली. त्या वेळी दुखतही नाही, फक्त बोट मिटायचं थांबतं.

म्हणून रुग्णालयातून निघण्याआधी डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: कोणत्या बोटाच्या कोणत्या कंडरा जोडल्या, हाताच्या कुठल्या भागात, आणि नस (मज्जातंतू) किंवा हाडही जोडलं आहे का. पुढचा थेरपिस्ट यावरून व्यायाम ठरवतो. "टेंडन रिपेअर डन" एवढ्यावर कोणताही शहाणा थेरपिस्ट हात लावायला बिचकेल, आणि त्यात एक आठवडा जाईल.

स्प्लिंट बहुधा थर्मोप्लास्टिकची, म्हणजे तापवून घडवता येणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्याची असते. हा पत्रा 65 ते 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ होतो, हातावर घडवला की काही मिनिटांत घट्ट होतो. मऊ होण्याचं तापमान इतकं कमी असल्यामुळे मे महिन्यात बंद गाडीच्या काचेजवळ किंवा तापलेल्या पत्र्यावर ठेवलेली स्प्लिंट वाकडी होते. गरम पाण्याने धुवायची नाही, चुलीजवळ ठेवायची नाही. साध्या पाण्याने आणि साबणाने पुसून सावलीत वाळवा, तीही थेरपिस्टने काढायला परवानगी दिली असेल तरच. वाकडी झालेली घरी तापवून सरळ करू नका, कोन दहा अंशांनी बदलला तरी सगळा हिशेब बिघडतो. थर्मोप्लास्टिक मिळालं नाही तर प्लास्टरची पट्टीही चालते, योग्य कोनात बसवलेली असली म्हणजे झालं. स्प्लिंटसाठी आठवडाभर वाट बघण्यापेक्षा त्याच दिवशी प्लास्टर केव्हाही बरं.

अर्धांगवायूत घरोघरी होणाऱ्या चुका

दाराला पुली बांधून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढायचा, हा व्यायाम गावोगाव चालतो. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा आपल्या जागेवरून खाली उतरलेला असतो. अशात हात जोराने वर ओढला की आतले मऊ भाग चिमटतात, आणि मग खांदा इतका दुखतो की माणूस कुठलाच व्यायाम करू देत नाही. पुली काढून टाका. उठवताना लुळ्या हाताला किंवा बगलेला धरून ओढू नका. कमरेला घट्ट ओढणी किंवा रुंद पट्टा बांधून तिथे धरा.

दुसरी चूक रबरी चेंडू. हात आपसूकच मिटत असेल तर चेंडू दाबून तो आणखी मिटायला शिकतो. ज्याची गरज असते ते बोट उघडणं तसंच राहतं. चेंडूऐवजी पेला पकडून सोडणं, टेबलावर पंचा पसरून पुसणं असली कामं थेरपिस्टकडून मागून घ्या.

कपड्यांचा नियम सोपा आहे: घालताना लुळा हात आधी, काढताना तो शेवटी. सदरा समोरून पूर्ण उघडणारा, बटणांच्या जागी वेल्क्रो. साडी नेसणाऱ्या बाईला सुरुवातीला गाऊन सोपा पडतो, पण तिला साडीच हवी असेल तर ते उद्दिष्ट म्हणून लिहून घ्या. निऱ्या आधी शिवून, बंद लावून तयार साडी करता येते आणि गावचा शिंपी ती करतो.

पैसे आणि कागद

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लवकर काढा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींना 40 टक्क्यांची अट असते. वैद्यकीय मंडळ ठरलेल्या वारीच बसतं, वार विचारूनच जा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि बाह्यरुग्ण थेरपीचा खर्चही तिच्यात बसतो. दावा करताना थेरपिस्टच्या बिलावर तारीख, भेटींची संख्या, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक लागतो. नोंदणी नसलेल्या माणसाकडे जाण्याचा तोटा इथे रुपयांत दिसतो. बिलं प्रत्येक भेटीला घ्या, वर्षाअखेरीस एकदम मागितली तर मिळत नाहीत.

एसटीत दिव्यांग प्रवाशाला 75 टक्के सवलत आहे. आई सोबत असेल तर तिला 2023 पासून महिलांची 50 टक्के सवलत मिळतेच. वडील किंवा आजोबा नेणार असतील तर साथीदाराची सवलत प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीवर ठरते, आगारात विचारून घ्या. चाकाची खुर्ची, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) यांसाठी केंद्राच्या एडिप या साहित्यवाटप योजनेतली शिबिरं होतात, साहित्य बहुधा अलिम्को या सरकारी कंपनीचं असतं. शिबिरात मिळालेली खुर्ची मापाची नसेल तर घरी ठेवून देऊ नका. थेरपिस्टला दाखवा, फोम आणि पट्टे लावून बऱ्याचदा ती बसवता येते.

दुसरी भेट

पहिल्या भेटीनंतर तीन-चार आठवड्यांनी दुसरी. मधल्या काळात फोनवर व्हिडिओ पाठवून सल्ला घेता येतो. लहान गावासाठी ही मोठीच सोय आहे, फक्त त्याचे पैसे किती हे आधी ठरवा आणि ते द्या. स्प्लिंट घडवणं, खुर्चीची मापं घेणं, ताठ स्नायू हाताने तपासणं ही कामं मात्र समोरासमोरच व्हायला हवीत.

दुसऱ्या भेटीला एक साधी वही न्या. रोज एक ओळ: काय केलं, किती मिनिटं, काय अडलं. ताप आला, लग्नाला गेलो, कापूस वेचणीत वेळ मिळाला नाही, हेही लिहा. थेरपिस्टने वही उघडली, वाचली आणि कापूस वेचणी संपेपर्यंत चारांतल्या दोन गोष्टी कमी केल्या, तर योग्य माणूस मिळाला म्हणायचं. त्याच्याकडेच पुढच्या चार भेटींच्या तारखा लिहून घ्या.